चोच आणि चारा

मी हिशेबाचा माणूस.
मासेरूच्या कापड गिरणीत सतरा वर्षं
जमा डावीकडे, खर्च उजवीकडे.
एका रविवारी लिमाकात्सो चर्चमधून आली
आणि टोपी न काढताच म्हणाली,
वर डोंगरात बहिऱ्या मुलांना कुणी शिकवत नाही.
मला जायला सांगितलंय.

कुणी सांगितलं, ते मी विचारलं नाही.
तिच्या आवाजावरून एवढं कळलं
की राजीनामा मलाही लिहायचा आहे.

खायचं काय, हे मात्र विचारलं.
ज्यानं चोच दिली, तो चाराही देईल, म्हणाली.
नव्या वहीच्या पहिल्या पानावर
मी ते लिहिलं नाही.
ज्याची पावती नाही ते मी लिहीत नाही.

दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, अकरा मुलं.
पहिल्या वर्षी देणग्या आल्या.
दुसऱ्या वर्षी देणगीदारांची पत्रं.
तिसऱ्या वर्षी पत्रंही थांबली
आणि जुलैत असं बर्फ पडलं की खिंडच बुजली,
आमचं तट्टू दाराशी उभ्या उभ्या पांढरं झालं.

पिठाचा डबा तळातून खरवडताना
जो आवाज होतो,
तो त्या घरात फक्त आम्हा दोघांना ऐकू यायचा.

मुलं हातांनी प्रार्थना करतात.
डोळे मिटले तर त्यांची प्रार्थना तिथंच तुटते,
म्हणून ती देवासमोर टक्क उघड्या डोळ्यांनी बसतात.
लिमाकात्सोही त्यांच्यासारखीच झाली होती.
डोळे मिटणारा मी एकटा,
आणि मिटल्या डोळ्यांआड
मी भागाकार करत होतो.

पुलेंगनं माझी बाही ओढली.
खिडकीबाहेर, खालच्या वळणावर,
दोन दिवे. हलत नव्हते.

ट्रक चारीत गेला होता.
मोखेथी नावाचा ड्रायव्हर आणि त्याचा भाचा,
घोंगड्यांसकट गोठलेले, दुपारपासून उपाशी.
त्यांना वर आणताना मी तेरांचे पंधरा केले
आणि देवाला म्हणालो,
मागितलं होतं पीठ,
पाठवलीस ती तोंडं.

लिमाकात्सोनं डबा उपडा केला, बुडावर थाप मारली.
मक्याच्या पिठाचा एकच गोळा, पंधरा तुकडे,
प्रत्येकाला एवढा, की चावावा की नुसता धरून ठेवावा.
भाच्यानं आपला अर्धा
शेजारच्या पोराच्या हातात कोंबला.
मी पाहिलं. तो रकाना माझ्याकडे नव्हता.

बोटं चाटून झाल्यावर मोखेथी म्हणाला,
गाडीत काय आहे, ते कुणी विचारलंच नाहीत.
मग स्वतःच, जरा ओशाळून,
भरडलेला मका आहे. चाळीस पोती.
पण कोंबड्यांचा आहे हो.
भिजलेली दहा तरी मालक परत घेणार नाही.

लिमाकात्सो हसायला लागली.
उभं राहवेना, चुलीपाशी खालीच बसली,
आणि हसता हसता मुलांना हातांनी सांगू लागली,
आधी चोच, मग चारा.
पुलेंग क्षणात कोंबडी झाली,
मग अकराही जण,
तोंडातून एक आवाज न काढता
खोलीभर फडफडली.

चाळून, धुऊन, शिजवून, ते आम्ही सप्टेंबरपर्यंत खाल्लं.
चार पोत्यांचे पैसे पुढं मोखेथीच्या मालकाला पोचते केले,
पावती आहे.
सहांचे त्यानं घेतले नाहीत.
ती सहा पोती कुठं लिहायची, हे ठरेना.
जमेत लिहावीत तर देणाऱ्याचं नाव लागतं.
पान अजून तसंच आहे, कोपरा दुमडलेलं.

माझा विश्वास लिमाकात्सोएवढा झालेला नाही.
डबा उघडताना हात अजूनही कापतो.
फक्त, रात्री डोळे मी आता मिटत नाही,
खिडकीकडे तोंड करून बसतो.

त्या मक्यात कोंबड्यांसाठी खडेही असायचे.
एकानं माझी डावी दाढ गेली.
जीभ दिवसातून कितीदा तरी
त्या रिकाम्या जागेकडे जाते.